बिदरच्या वाटेवरची कुलपाची पेटी

वाचकहो, बिदर आणि कलबुर्गी हे दोन सीमावर्ती जिल्हे पाहावयास निघणारा मनुष्य सामान्यतः काही ठरावीक स्थळे मनात धरून निघतो. कोणी बिदरचा किल्ला पाहतो, कोणी ख्वाजा बंदेनवाज यांच्या दर्ग्यास जातो, कोणी भीमा-अमरजा संगमावरील गाणगापुरास, तर कोणी हुमनाबादेजवळच्या माणिकनगरास. आम्ही मात्र गेल्या हिवाळ्यात या मुलखात गेलो ते जुन्या लाकडी पेट्या शोधावयास. पेट्या म्हणजे धान्याच्या किंवा कपड्यांच्या नव्हेत. दारे मिटणारे, कुलूप लागणारे जुने टीव्ही. हे ऐकून गाडीतील एक सहप्रवासी मोठ्याने हसले. त्यांचे हसणे मला मुळीच लागले नाही, कारण दोन वर्षांपूर्वी मीही असाच हसलो होतो.

हा छंद माझा नव्हे, माझ्या पुतण्याचा. चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना ते संच आठवत असतील. सागवानी किंवा सागाचा पापुद्रा लावलेली पेटी, खाली चार निमुळते पाय, आणि पुढे काचेऐवजी लाकडाचे सरकते दार. लोक त्याला ‘शटरचा टीव्ही’ म्हणत. लाकडाच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या मागून जाड कापडावर चिकटवलेल्या असत. ते दार वरच्या व खालच्या खाचेतून सरकत पेटीच्या बाजूला वळे आणि आतल्या आत नाहीसे होई. काही संचांना कपाटासारखी दोन उघडती दारे असत. बहुतेकांना एक लहानसे कुलूप असे. कार्यक्रम संपला की दार ओढावयाचे, किल्ली फिरवावयाची. मग ती वस्तू टीव्ही राहत नसे, घरातील एक शोभिवंत कपाट होई. वर विणलेला रुमाल, रुमालावर फुलदाणी आणि भिंतीवर पवित्र हृदयाचे चित्र, अशी मांडणी आपल्या कितीतरी घरांत होती.

माझ्या वडिलांनी असा संच १९८३ साली घेतला. संध्याकाळची जपमाळ पूर्ण झाल्याखेरीज ती किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून बाहेर येत नसे. वडील देवाघरी गेले, नवे सपाट टीव्ही आले आणि एका पावसाळ्याच्या तोंडाशी मी ती पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली. काय मिळाले ते आता आठवतही नाही, इतके ते थोडे होते. किल्ली मात्र वडिलांच्या प्रार्थनापुस्तकाबरोबर खणात राहून गेली. पुढे कधीतरी पुतण्याच्या हाती ती लागली. “काका, ही कशाची किल्ली?” असे त्याने विचारले. मी सांगितले. त्या दिवसापासून त्याला हा नाद लागला.

पुण्याहून सोलापूर मार्गे कलबुर्गीस उतरलो तेव्हा सकाळ झाली होती. हा काळ्या मातीचा मुलूख. रुळांच्या दोन्ही अंगांस तुरीची शेते दूरवर पसरलेली. येथील तूरडाळीची ख्याती आपल्या स्वयंपाकघरांपर्यंत पोहोचलेली आहेच. शहराच्या किल्ल्यात १३६७ साली बांधलेली जामा मशीद आहे. मशिदीला एरवी मोकळे अंगण असते. येथे सारे अंगणच घुमटांनी झाकून टाकले आहे. आत शिरताच कमानीमागून कमानी दिसू लागतात आणि डोळ्यांस गारवा वाटतो. ज्या शहरात शतकांपूर्वी आकाश झाकून घेण्याची कल्पना कोणास सुचली, त्या शहरात झाकावयाच्या टीव्हीचा शोध घ्यावा हे मला बरेच वाटले.

तथापि या शहराशी टीव्हीचा संबंध याहून खरा व जवळचा आहे. १९७५ साली आपल्या देशात एक मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेचा एटीएस-६ नावाचा उपग्रह भूमध्यरेषेवर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर होता. तो एका वर्षापुरता भारताच्या उपयोगास मिळाला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत थेट आकाशातून कार्यक्रम दाखविण्यात आले. कर्नाटकातील विजापूर, रायचूर आणि गुलबर्गा हे जिल्हे त्यात होते. ज्या खेड्यांत धड रस्ता नव्हता, त्या खेड्यांच्या शाळेवर किंवा पंचायतीच्या घरावर तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची छत्री उभी राहिली. संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कारखान्यात तयार झाले होते. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास मोठ्यांसाठी: शेती, आरोग्य, कुटुंबकल्याण, थोडे गाणे-नाट्य. येथल्या खेड्यांना कार्यक्रम कानडीतून मिळत.

उपग्रह परत गेला. तथापि १९७७ साली गुलबर्ग्यास जमिनीवरील प्रक्षेपण सुरू झाले. वाचकांस नवल वाटेल, पण राजधानी बंगळूरला दूरदर्शन १९८१ साली आले. म्हणजे कर्नाटकात टीव्हीचा मान प्रथम या मागासलेल्या म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्याने मिळविला. ज्याला आपण कोपरा म्हणतो तेथेच कधी कधी दिवा आधी लागतो.

शहरातील एका अरुंद गल्लीत पुतण्याने एक म्हातारे कारागीर शोधून काढले. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली; भिंतीला छतापर्यंत रेडिओ, टेपरेकॉर्डर, टीव्हीचे सांगाडे रचलेले. मराठी, कानडी, दखनी आणि तेलुगू अशा चारही भाषा एकाच वाक्यात ते बोलत, आणि चारही आम्हांस समजत. त्यांच्याकडे शटरचे दोन संच होते. एकाच्या पट्ट्या वाळवीने खाल्लेल्या. दुसऱ्याची पेटी धडधाकट, पण चित्रनळी गेलेली.

जुना संच हाती आला की उतावीळ होऊन त्याची वायर भिंतीत खुपसू नये, हे त्यांनी आम्हांस प्रथम बजावले. वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या संचातील कपॅसिटर सुकून निकामी झालेले असतात. एकदम पूर्ण दाब दिला तर ते फुटतात, धूर निघतो, कधी आगही लागते. म्हणून आधी ते तपासावे, बदलावे आणि मग वीज हळूहळू वाढवीत न्यावी. दुसरे असे की, चित्रनळीस हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि संच बंद केल्यावरही तो भार नळीत दडून राहतो. “बंद दिसतो म्हणून मेलेला समजू नका,” असे ते म्हणाले. तिसरी गोष्ट चित्राची. दूरदर्शनचे जुन्या पद्धतीचे बहुतेक सर्व प्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद झाले. आता छपरावर कितीही उंच बांबू उभारून अँटेना लावला तरी या संचांना पकडावयास काही उरलेले नाही. नव्या पेटीतून निघालेले चित्र एका लहान उपकरणाने जुन्या लहरींत बदलून द्यावे, तेव्हा कोठे त्या काचेवर काळेपांढरे काही हलू लागते.

पुतण्या मन लावून लिहून घेत होता. त्याने मग आपले ज्ञान आम्हांपुढे उघडे केले, आणि ते ऐकण्याजोगे होते. पडदा झाकण्याची कल्पना आपल्याकडची नव्हे. ती टीव्हीइतकीच जुनी आहे. १९३६ साली लंडनहून नियमित प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा चित्रनळ्या इतक्या लांब असत की आडव्या ठेवल्यास पेटी भिंतीतून बाहेर जावी. म्हणून नळी उभी बसवीत; तिचे तोंड आकाशाकडे. पेटीच्या झाकणाला आतून आरसा असे. झाकण तिरपे उघडले की आरशात चित्र दिसे, मिटले की नुसते टेबल. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात अमेरिकेने मिरविलेला संचही असाच आरशाचा होता. पुढे नळ्या आखूड झाल्या आणि झाकणाची गरज उरली नाही, तरी दारे राहिली. कारण काळी रिकामी काच दिवाणखान्यात लोकांना डोळ्यांत खुपे. १९७८ साली एका जपानी कारखान्याने तर पिरॅमिडच्या आकाराचा संच काढला. त्याचा वरचा भाग खाली दाबला की पडदा आत लुप्त होई. आपल्याकडे दारे आली ती धुळीसाठी, मुलांच्या चेंडूसाठी आणि, खरे सांगावयाचे तर, घरातील वडीलधाऱ्यांच्या शिस्तीसाठी.

दुसऱ्या दिवशी बिदरची गाडी धरली. कलबुर्गी ते बिदर हा सुमारे एकशेदहा किलोमीटरचा लोहमार्ग २०१७ साली पूर्ण झाला; तोवर ही दोन जिल्ह्यांची ठिकाणे एकमेकांस थेट रेल्वेने जोडलेली नव्हती. कमलापूर लागले तेव्हा तांबड्या सालीची केळी विकावयास आली. बोगदा ओलांडून गाडी वर चढते तसा जमिनीचा रंग पालटतो. काळी माती मागे राहते आणि जांभ्या दगडाचा तांबडा पठारी प्रदेश सुरू होतो. बिदरचा किल्ला याच दगडाचा. शहरात महमूद गवानाने १४७२ साली बांधलेला मदरसा आहे. त्याच्या दोन मनोऱ्यांपैकी एकच आज उभा आहे, आणि त्यावरील निळ्या-पांढऱ्या फरशांचे अवशेष उन्हात अजून चमकतात.

बिदरी काम करणाऱ्या कारागिरांची दुकाने शहरात आहेत. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर नक्षी कोरतात आणि कोरलेल्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवितात. शेवटी किल्ल्यातील माती व नवसागर घातलेल्या उकळत्या पाण्यात ते भांडे बुडवितात. जस्त काळेभोर होते. चांदीला मात्र काळिमा लागत नाही. एका कारागिराने आमच्यासमोर असे भांडे पाण्यातून काढले. काळोखातून चांदीची वेल उमटताना पाहून पुतण्या म्हणाला, “काका, अगदी जुना टीव्ही सुरू होताना असेच दिसते.”

आमचा खरा मुक्काम भालकी तालुक्यातील एका खेड्यात होता. या भागातील माणसांची जीभ दुभाषी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाच्या मुलखाची भाषेप्रमाणे वाटणी झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचा उदगीर-निलंग्याकडील भाग मराठी मुलखात गेला, आणि भालकी, औराद, बसवकल्याण हे तालुके कानडी राज्यात राहिले. सीमेची रेघ शेतांतून गेली. सोयरिकी मात्र अलीकडे-पलीकडे तशाच राहिल्या. येथील कॅथलिक समाज लहान आहे. दोन्ही जिल्हे आज २००५ साली स्थापन झालेल्या गुलबर्गा धर्मप्रांतात मोडतात. आम्ही ज्या कुटुंबाकडे उतरलो त्यांच्याकडे देवळातली मिस्सा कानडीत आणि घरची जपमाळ मराठीत.

घरातील आजीबाईंचे वय ऐंशीच्या पुढे. “कवा आलाव बाबा? आधी च्या घ्या,” असे म्हणून त्यांनी आमचे स्वागत केले. ओसरीच्या आतल्या खोलीत तो संच होता. चार पायांचा, शटरचा, हैदराबादी बनावटीचा. पट्टी न पट्टी शाबूत. त्यांचे यजमान हैदराबादच्या एका कारखान्यात कामास होते. त्यांनी बोनसच्या पैशांत घेऊन तो मालमोटारीतून गावी आणला होता. त्या वेळी वाड्या-वस्तीत मिळून तो एकच टीव्ही.

आजीबाईंनी पदर सावरला आणि कनवटीची गाठ सोडली. आत किल्ली होती. संच बंद पडून वीस वर्षे झाली, पण किल्ली कनवटीलाच. दार सरकले तेव्हा लाकडाचा जो सौम्य खडखडाट झाला, तो मी चौदा-पंधरा वर्षांनी ऐकत होतो. मला काही बोलवेना.

मग त्यांनी एक हकीकत सांगितली. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. रविवारी सकाळी ते लागे, आणि रविवारी सकाळीच या कुटुंबाला मिस्सेसाठी दूरच्या गावी पायी जावे लागे. गावातील बायका-माणसे तर अंगणात जमलेली. काय करावयाचे? आजीबाई म्हणाल्या, “देवाच्या वाटेला आपुन चाललाव, अन् दुसऱ्याच्या देवाच्या दाराला कुलूप लावून जायचं, हे मला पटंना.” त्यांनी किल्ली शेजारणीच्या हाती दिली. शेजारीण लिंगायत समाजातील. तिने घर उघडावे, टीव्ही उघडावा, लोकांनी पाहावे, मग अंगण झाडून, दार ओढून किल्ली परत करावी. मालिका १९८८ च्या जुलैपर्यंत चालली. तितके सर्व रविवार हा क्रम चालला. घरातील भांडेसुद्धा कधी जागचे हलले नाही. उलट मिस्सेहून परत यावे तो चुलीपाशी शेजारणीने पाण्याची घागर भरून ठेवलेली असे.

आता व्यवहाराचे बोलणे निघाले. आजीबाईंच्या मुलाला संच विकावयाचा होता. नात परिचारिकेच्या शिक्षणास जाणार होती. शुल्क भरावयाचे होते. भंगारवाला दोनशे रुपये देत होता. पुतण्याने एक हजार म्हटले. मुलाचा चेहरा उजळला. मी मान खाली घालून चहा पीत राहिलो.

वाचकहो, येथे मला माझा दोष कबूल केला पाहिजे. असा पूर्ण संच, मूळ किल्लीसह, शहरातील हौशी माणसे किती पैशांस घेतात हे मी पुतण्याकडून ऐकलेले होते. हजाराच्या अनेक पट. ते मला ठाऊक होते, पुतण्याला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते केवळ ज्यांची वस्तू त्यांना. आणि मी गप्प बसलो. एकदा वडिलांची पेटी कवडीमोलाने घालविली. आता दुसऱ्याच्या वडिलांची पेटी कवडीमोलाने घेण्यास साह्य करीत होतो.

रात्री त्याच खोलीत जपमाळ झाली. दिवा गेला होता, म्हणून मेणबत्ती त्या पेटीवर ठेवली होती. ‘आमच्या अपराधांची आम्हांस क्षमा कर’ हे शब्द आपण किती वेळा म्हणतो! त्या रात्री ते माझ्या घशात अडकले. नंतर अंगणात मी पुतण्याला विचारले, “त्यांना खरी किंमत सांगितलीस का?”

तो लगेच काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, त्यांना एवढी रक्कम देणारा येथे कोण येणार आहे? शिवाय वाहतूक आहे, चित्रनळी तपासायची, कपॅसिटर बदलायचे, पट्ट्यांना पॉलिश. हा खर्च कोणी धरायचा?” त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जुन्या वस्तूंच्या बाजारात सगळेच असे म्हणतात, आणि सगळ्यांचेच थोडे थोडे खरे असते. मी एवढेच म्हणालो, “खर्च धर. तो त्यांच्यासमोर धर.”

सकाळी चहाच्या वेळी त्याने आपली वही काढली. शहरात असा संच कितीला जातो ते सांगितले. खाली दुरुस्तीचा खर्च मांडला, वाहतुकीचा मांडला, आपल्या श्रमाचा वाटाही न लपविता मांडला. आणि जे उरले ते बोलून दाखविले. ती रक्कम आदल्या दिवशीच्या रकमेच्या सहापट होती. मुलगा वहीकडे पाहत राहिला. “मग काल हजार का म्हणालाव?” असे त्याने विचारले. पुतण्याचे कान तांबडे झाले. “चुकलो,” एवढेच तो म्हणाला.

क्षणभर मला वाटले, आता सौदा मोडला. मोडला असता तरी तक्रार करण्यास जागा नव्हती. पण आजीबाई म्हणाल्या, “थांबा. मला शेजारणीला विचारू द्या. किल्ली तिची बी हाय.”

शेजारीणबाई आल्या. त्याही ऐंशीच्या घरातल्या, काठी टेकीत. दोघी पेटीसमोर बसून कानडीत बराच वेळ बोलल्या; मधूनच हसल्या. मला थोडेफार कळले. पहिल्याच रविवारी किल्ली फिरेना म्हणून शेजारीण कशी घाबरली होती, ते चालले होते. अखेर शेजारीणबाई मुलाला म्हणाल्या, “पोरीची फी भर. काचेपेक्षा पोर मोठी.”

संच आम्ही आणला. आजीबाईंनी स्वतः पट्टी न पट्टी ओल्या फडक्याने पुसली, किल्ली कनवटीतून काढून पुतण्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ मिटली. “उघडा ठेवू नका,” असे त्या म्हणाल्या. “सदा उघडं असलं की माणसाला त्याची किंमत राहत न्हाई.”

परतीच्या गाडीत मला संत क्लारेची आठवण झाली. असिसीची ही साध्वी आजारपणामुळे नाताळच्या रात्री चर्चला जाऊ शकली नाही. परंपरा सांगते की आपल्या खोलीतच तिला चर्चमधील उपासना दिसली व ऐकू आली. म्हणूनच परमगुरुस्वामी बारावे पायस यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून जाहीर केले. त्याआधी १९५७ च्या सप्टेंबरात त्यांनी चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांविषयी विश्वपत्र प्रसिद्ध केले होते. ही साधने देवाची देणगी आहेत, पण ती घराच्या अगदी आत शिरतात, म्हणून घरच्यांनी सावध असावे, हा त्याचा आशय. २०२० साली महामारीत चर्चची दारे बंद झाली तेव्हा आपणांपैकी कितीजणांनी पडद्यावरच मिस्सा पाहिली! संत क्लारेचे दान त्या दिवसांत घरोघर पोहोचले.

पण क्लारेच्या भिंतीवर ते दृश्य एका रात्रीपुरते उमटले, आणि मग भिंत पुन्हा भिंत झाली. आपल्या धर्माला झाकण्याचे महत्त्व ठाऊक आहे. वेदीवरील ज्या लहान कपाटात पवित्र भाकर ठेवतात, त्याला दार असते आणि किल्ली असते. उपवासकाळाच्या अखेरीस अनेक चर्चांत मूर्तींवर जांभळे वस्त्र घालतात, ते पुनरुत्थानाच्या आनंदात पुन्हा डोळे भरून पाहता यावे म्हणून. वडिलांची किल्ली हा कडकपणा आहे असे मला लहानपणी वाटे. आता वाटते की त्यांना टीव्ही आवडत होता, म्हणूनच त्यांनी त्याला वेळ नेमून दिली होती.

आजचे पडदे खिशात असतात. त्यांना ना शटर, ना कुलूप. जेवताना ते उघडे, प्रार्थनेच्या वेळी उघडे, रात्री उशाशीही उघडे. ते टाकून द्या असे मी म्हणणार नाही. या प्रवासात रस्ता मलाही त्यांनीच दाखविला. पण जे दार कारखान्याने बसविले नाही ते आपण घरच्यांनी बसविले पाहिजे. माझ्या बंधूंच्या घरी आता संध्याकाळी सात वाजता सर्वांचे फोन एका पितळी डब्यात जातात, आणि जपमाळ व जेवण झाल्यावर बाहेर येतात. डब्याला कुलूप नाही. पहिल्या आठवड्यात मुलांनी कुरकुर केली. मोठ्यांनी अधिक केली.

आजीबाईंचा संच पुतण्याने दुरुस्त केला. चित्र थोडे फिके येते, वरच्या बाजूस किंचित वाकते. नातीचे शुल्क भरले गेल्याचे पत्र नाताळापूर्वी आले. पेटीचे दार तो कधी सताड उघडे ठेवीत नाही.

माझ्या वडिलांची किल्ली मीही त्याच्याच स्वाधीन केली आहे. ती आता कोणत्याच कुलपाला लागत नाही. तिच्या पेटीची किंमत मी कोणास विचारली नव्हती, आणि मला कोणी सांगितलीही नव्हती. म्हणून बिदरच्या वाटेवर कोणा आजीबाईंच्या घरी जुनी वस्तू घेण्यास जाणाऱ्या प्रत्येकास माझी एवढीच विनंती आहे: आधी किंमत सांगा, मग हात पुढे करा.